वानोळ्याची पिशवी

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेच्या आमच्या वळणावर ओल्या तुरीच्या शेंगांच्या पाट्या लागल्या की ओळखायचं, सहलीचे दिवस आले. बायका सकाळी आठच्या आत येऊन बसतात, शेंगांवर पाण्याचा हात मारतात आणि थंडीनं आखडलेली बोटं पदरात गुंडाळून गिऱ्हाइकाची वाट बघतात. शेंगा निवडल्या की तो हिरवा, जरासा चिकट वास दुपारपर्यंत हाताला राहतो. पंचवीसेक वर्षं हा वास आला की मी यादी करायला बसत असे. गाडीचा अर्ज, पालकांच्या चिठ्ठ्या, उलटीच्या गोळ्या, दोन शिट्ट्या, एक जादा चादर. यंदा त्याच पाटीसमोर उभी राहून मी अर्धा किलो शेंगा मागितल्या. बाईनं तराजू उचलता उचलता सहज विचारलं, "मॅडम, औंदा सहल कुठी?" आणि मी तिच्यावरच खेकसले. तिचा काही दोष नव्हता. घरी येऊन शेंगा सोलताना मला लाज वाटली, पण राग गेला नाही. तो अजून आहे, आणि तो झाकून गोडगोड लिहिणं मला जमणार नाही.

मी वर्ध्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. आमच्या नववीची सहल दर हिवाळ्यात आष्टीला जाते, निदान परवापर्यंत जात होती. यंदा ती शाळेच्या हॉलमध्ये झाली. शुक्रवारी अकरा ते बारा. तिचं नाव डिजिटल सहल. खिडक्यांना काळे पडदे लावले, पोरांना बिस्किटांचा एकेक पुडा दिला आणि भिंतीवरच्या पडद्यावर आष्टी दाखवली. ती कुणी जाऊन काढून आणलेली आष्टी नव्हती. एआयला सांगितलं की असं असं गाव दाखव, आणि त्यानं ते घरबसल्या तयार करून दिलं. रुंद नदी, नदीला दगडी घाट, घाटावर धुकं. मग हिरवं नऊवार नेसलेली, नाकात एवढी मोठी नथ घातलेली एक म्हातारी बाई पडद्याकडे बघून हसली आणि तिनं हात पुढे करून एक संत्रं दिलं. संत्र्याला पॉलिश केल्यासारखी चकाकी होती. एक गोड आवाज म्हणाला, "चला मित्रांनो, आष्टीच्या आठवणी मनात साठवू या." पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण मुख्याध्यापक सरांनी वाजवल्या.

सहल झाली की वर्णन लिहायचं, हा आमचा जुना शिरस्ता. एक्केचाळीस वह्या आल्या. पहिली उघडली, "निसर्गाच्या कुशीत वसलेले आष्टी हे गाव मनाला भुरळ घालते." दुसरी उघडली, तेच. पाचव्या वहीपर्यंत मला वाटलं की एकमेकांचं पाहून लिहिलं असेल. मग कळलं की पाहायला समोर कुणी लागतच नाही आता. फोनला सांगायचं, तो लिहून देतो, आपण अक्षर काढायचं. एका वहीत तर भलत्याच जिल्ह्यातली आष्टी उतरली होती. महाराष्ट्रात आष्ट्या बऱ्याच आहेत, म्हणूनच आमच्या बसस्टँडवर कुणी आष्टीची गाडी विचारली की चौकशीतला माणूस आधी विचारतो, कोन्ती आष्टी? फोननं तेवढंही विचारलं नाही, आणि पोरानंही नाही. शेवटी सगळ्यांनीच लिहिलं होतं, "परतताना आम्ही खूप थकलो होतो, पण मनात आठवणींचा खजिना होता." हॉलपासून वर्गापर्यंत चाळीस पावलं आहेत. मी लाल पेन घेतला आणि एक्केचाळीस वह्यांवर एकच शब्द लिहिला. कशाने?

आम्ही पहिल्यांदा आष्टीला गेलो तो हिवाळा मला पावलापावलानं आठवतो. मी नोकरीला नवी होते. एसटीची लाल गाडी, पंचेचाळीस पोरं, मी आणि एक सर. आर्वी येईपर्यंत चार जणांनी उलट्या केल्या. आर्वीच्या पुढे रस्त्याकडेनं संत्र्याच्या बागा सुरू झाल्या, तसा ज्या पोरांनी उलट्या केल्या होत्या त्यांनाच आधी भूक लागली. आष्टीला हुतात्म्यांच्या स्मारकापाशी पोरांना रांगेत उभं केलं आणि बेचाळीस सालच्या लोकांविषयी मी पाठ करून आणलेलं भाषण सुरू केलं. पोरांचं लक्ष नव्हतं. मग एका मुलीनं विचारलं, "बाई, ते लोक इथं चालतच आलते काय?" मी म्हटलं, हो, आसपासच्या गावांतून चालत. ती खाली रस्त्याकडे बघायला लागली. मग तिच्या बाजूचीही बघायला लागली. माझं भाषण तिथंच बंद पडलं आणि ते बंद पडलं हे बरंच झालं.

परतताना गाव सोडून मैलभर आलो आणि गाडी गरम झाली. ड्रायव्हरनं उतरून झाकण उघडलं, वाफ निघाली, आणि तो म्हणाला, बाई, पाणी बघा कुठं मिळते का. रस्त्याला लागून एक वावर होतं. वावरात तुरी छातीएवढ्या वाढलेल्या, आणि एका कडेला पत्र्याची एक खोली. तिथं एक बाई शेंगा तोडत होती. मी पाणी मागितलं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागं वावरात घुसलेल्या पंचेचाळीस पोरांकडे पाहिलं.

"लगन हाय काय कोनाचं?" ती म्हणाली.

"सहल आहे. वर्ध्याहून आलो."

"मंग बसा न. गाडी थंडी होतवरी काय उभेच राह्यता काय?"

ती पंचफुलामावशी. तेव्हा पन्नाशीची असेल, नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही, वावर एकटी करायची. तिनं अंगणात तीन दगडांची चूल मांडली, मोठं पातेलं चढवलं, तोडलेल्या सगळ्या शेंगा त्यात ओतल्या आणि मूठभर मीठ टाकलं. शेंगा उकडेपर्यंत तिनं जे केलं ते मी कुठल्याच सहलीत पाहिलं नव्हतं. तिनं पोरांना एकेक करून समोर बोलावलं आणि प्रत्येकाला एकच विचारलं, "तू कोनाचा?" पोरानं बापाचं नाव सांगायचं, मग गाव सांगायचं. मग ती डोळे बारीक करून नातं काढायची. "सेलूची? सेलूले माया मावसबहिणीची सून दिली हाय. दुकानाच्या बाजूचं घर. तू पायलं असशीन." पोरगी म्हणायची, हो, पाहिलंय. मावशी खूश. पंचेचाळीसमधल्या आठदहा पोरांशी तिनं तासाभरात नातं लावलं, आणि ज्यांच्याशी लागलं नाही त्यांना म्हणाली, "पुढच्या साली सापडीन, जात नाई कुठी." पोरं शेंगा ओरपत होती, मिठाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. गाडी केव्हाच थंड झाली होती. ड्रायव्हरही शेंगा खात बसला होता, निघायला उशीर झाला म्हणून मी त्याला बोल बोल बोलले.

निघताना तिनं मला एक पिशवी दिली. जुन्या सतरंजीच्या तुकड्याची, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, जाड दोऱ्यानं शिवलेली. आत शेंगा आणि वर शेजारच्या बागेतली संत्री. मी नको नको म्हणत होते.

"वानोळा हाय," ती म्हणाली. "नाई म्हनत नसते."

वानोळा म्हणजे आपल्या घरचं, वावरातलं जे नवं निघतं ते आपल्या माणसाला पाठवणं. विकत घेतलेली वस्तू वानोळा होत नाही. आणि ज्याला तो पाठवतात त्याच्यावर एक गोष्ट येते. ज्या भांड्यात, पिशवीत वानोळा आला, ते रिकामं परत करायचं नसतं. आपल्याकडचं काहीतरी घालूनच द्यायचं. म्हणजे परत जायचंच. मावशीनं मला शेंगा दिल्या असं मला त्या दिवशी वाटलं होतं. खरं म्हणजे तिनं परत येण्याचं कारण दिलं होतं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात ती पिशवी वर्ध्याहून गोरसपाकाची बिस्किटं घेऊन जायची आणि आष्टीहून शेंगा घेऊन यायची. गाडी स्मारकापाशी थांबो न थांबो, मावशीच्या वावरात थांबायची. ती मागल्या वर्षीच्या पोरांची चौकशी करायची. "तो तोतरा बोले तो पोट्टा कसा हाय? दहावी निंगाला काय?" मला नाव आठवायचं नाही, तिला आठवायचं. करोनाची दोन वर्षं पिशवी माझ्या कपाटात पडून राहिली. पण तेव्हा सगळं जगच घरात बसलं होतं, त्याचा राग कुणावर काढणार?

यंदाचा राग कुणावर काढायचा ते मला माहीत आहे. आमचे मुख्याध्यापक वाईट माणूस नाहीत, उलट फार काळजीवाहू आहेत. त्यांनी मला बोलावून नीट समजावलं. गाड्यांचे अपघात होतात, पालक सही करायला कचरतात, परवानगीला चार ठिकाणी फिरावं लागतं. पालकांच्या ग्रुपवर तर आधीच सुरू होतं, कशाला रिस्क घ्यायची, आता सगळं घरी दिसतं. मी ऐकून घेतलं. मग सर म्हणाले, "आणि मॅडम, खरं सांगा, आष्टीत बघण्यासारखं आहे तरी काय?"

तिथं माझं डोकं फिरलं. बघण्यासारखं काय आहे, हा प्रश्न ज्यानं पहिल्यांदा विचारला त्यानंच प्रवासाचं वाटोळं केलं. नंतर आलेल्या यंत्रांनी फक्त त्याचं उत्तर दिलं. बघण्यासारखं सगळं आता पडद्यावर आहे, आणि तुमच्या गावापेक्षा जास्त चांगलं आहे. धुकं हवं तर धुकं, घाट हवा तर घाट. बघायचंच असेल तर कशाला जायचं? लोकही आता तसेच जातात. आधी फोनमध्ये बघून ठेवतात, मग तिथं जाऊन तोच फोटो काढतात, आणि जुळला की परततात. हे जाणं यंत्रानं बंद केलं तर माझी काही तक्रार नाही, त्या फोटोंचं त्यानं खुशाल लोणचं घालावं.

पण मी पोरांना आष्टी बघायला नेतच नव्हते. मी त्यांना आष्टीला दाखवायला नेत होते. पंधरा वर्षांचं पोरगं आयुष्यात पहिल्यांदा अशा गावी उभं राहतं जिथं त्याला कुणी ओळखत नाही, आणि एक परकी बाई कमरेवर हात ठेवून विचारते, तू कोनाचा? त्याला उत्तर द्यावं लागतं. घरी कुणी विचारत नाही, शाळेत हजेरीपटावर लिहिलेलं असतं. तिथं स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं की मी अमक्याचा, अमक्या गावचा. आणि समोरची बाई म्हणते, अरे, मग तू आमचाच. एआयला आष्टीविषयी विचारलं तर तो पानंच्या पानं सांगेल. आष्टीला तुमच्याविषयी काही कळणार नाही. एवढाच फरक आहे, आणि तो मला सरांना समजावून देता आला नाही, कारण मला नुसता राग आला होता आणि रागात माझा आवाज फाटतो.

आणि एका मुद्द्यापाशी तर माझी बोलतीच बंद झाली. सर म्हणाले, "आपल्या वर्गात शर्वरी आहे. तिला गाडीत चढता येत नाही. तुमच्या सहलीत ती घरी बसली असती. माझ्या सहलीत ती पहिल्या रांगेत होती." हे खरं होतं. शर्वरीचे दोन्ही पाय लहानपणापासून कमजोर आहेत, ती कुबड्यांवर चालते. त्या शुक्रवारी हॉलमध्ये ती सगळ्यांत पुढे बसली होती आणि पडद्याकडे डोळे फाडून बघत होती. दोन दिवस मी सहलीचा विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी राग पुन्हा आला. पायरी खाली आणायची सोडून यांनी गाडीच बंद केली. पण हेही मी मनातच म्हटलं. कारण पंचवीस वर्षांत शर्वरीसारखी आणखी पोरं येऊन गेली होती, आणि त्या त्या वर्षी मी त्यांच्या आईवडिलांना काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं. गाडी उंच असते हो, तुम्हीच बघा.

या सगळ्यात मावशीला कळवायचं राहिलं होतं. तिच्याकडे फोन नाही, शेजारच्या सुनेच्या फोनवर निरोप द्यावा लागतो. दर वर्षी मी स्वतः बोलायची. यंदा हिंमत झाली नाही. काय सांगू, पोरांनी तुझं गाव भिंतीवर बघितलं म्हणून? तीनदा लिहायला घेतलं, तीनदा पुसलं. शेवटी, ज्याच्या नावानं आठवडाभर बोटं मोडत होते, त्या एआयलाच सांगितलं की एका वृद्ध स्नेही बाईंना सहल रद्द झाल्याचं सौम्य भाषेत कळव. त्यानं एका क्षणात लिहून दिलं. "आदरणीय मावशी, कळविण्यास खेद होतो की काही अपरिहार्य कारणास्तव यंदाची सहल आयोजित करणे शक्य झाले नाही. आपल्या स्नेहाबद्दल आम्ही सदैव कृतज्ञ राहू." मी ते जसंच्या तसं पाठवलं आणि खाली माझं नाव घातलं. एक्केचाळीस वह्यांवर लाल शेरे मारणारी बाई मीच.

चार दिवसांनी दुपारच्या सुट्टीत शाळेचा शिपाई धावत स्टाफरूममध्ये आला. "मॅडम, फाटकावर एक म्हातारी बाई आहे. कोण म्हणून विचारलं तर म्हणते, मी सहल हाव."

मी जिना कसा उतरले ते मला सांगता येणार नाही. फाटकापाशी पंचफुलामावशी उभी होती. डोक्यावर फडक्यात बांधलेलं गाठोडं, पायांत प्लॅस्टिकच्या चपला, दोन्ही गुडघे वाकलेले. पंचाहत्तरीच्या पुढं गेली आहे ती आता. सकाळी सातला आष्टीहून निघाली, आर्वीला गाडी बदलली, वर्ध्याच्या स्टँडवर तीन ऑटोवाल्यांना शाळा विचारली. आयुष्यात ती वर्ध्याला दोनदा आली होती, दोन्ही वेळा नवऱ्याच्या दवाखान्यासाठी.

"पोट्टे आले नाई सहलीले," ती म्हणाली, "म्हनून म्या म्हनलं, आपुनच जावं. शेंगा निबर होऊन जातीन."

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. तिला मी हॉलमध्ये बसवलं. सर आले, त्यांनी खाली वाकून नमस्कार केला, चहा मागवला. ते मनापासून आनंदले होते, हे मला कबूल केलंच पाहिजे. नववीचा वर्गही हॉलमध्ये आणून बसवला. मग सरांना काय सुचलं कोण जाणे. "मावशी, तुम्हाला तुमची आष्टी दाखवतो," असं म्हणून त्यांनी पडदा सुरू केला.

मावशीनं सगळं पाहिलं. मांडीवर हात ठेवून, अगदी शेवटपर्यंत. संपल्यावर म्हणाली, "चांगलं हाय. कुठचं हाय हे?"

"तुमचंच की. आष्टी."

"आमच्या आष्टीत असा घाट नाई, सायेब." मग तिनं विचारलं, "ते नथीवाली बाई कोन?"

सर हसले. "ती कुणी नाही, मावशी. तयार केलेली आहे."

"कोनाचीच नाई?"

"नाही."

"नाव भी नाई?"

"नाही."

"मंग संत्रं कोनाच्या वावरातलं देऊन राह्यली ते?"

पोरं खो खो हसली. सरही हसले. मावशी हसत नव्हती, तिनं खरंच विचारलं होतं. ती ज्या जगात राहते तिथं संत्रं कुणाच्यातरी वावरातलं असतं आणि ते देणारी बाई कुणाचीतरी असते. मला त्या हॉलमध्ये एवढा राग आला होता की मी खिडकीपाशी जाऊन काळे पडदे ओढून बाजूला केले. उजेड आत आला आणि पडद्यावरची आष्टी पुसट झाली.

पोषण आहाराच्या खोलीत पातेलं होतंच. शेंगा उकडायला ठेवल्या आणि मावशीनं पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. "तू कोनाचा?" पोरं लाजली, एकमेकांना ढकलायला लागली, मग उत्तरं द्यायला लागली. देवळी, सिंदी, पुलगाव, पिपरी. ज्यानं भलत्या जिल्ह्यातली आष्टी लिहिली होती, त्याच्या आत्याचं सासर तळेगावचं निघालं, म्हणजे मावशीच्या वावरापासून जवळच. तो पोरगा खुळ्यासारखा हसत उभा राहिला. मग ती शर्वरीपाशी आली. शर्वरीनं बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मावशीनं कुबड्यांकडे पाहिलं. आम्ही सगळे अशा वेळी दुसरीकडे बघतो, ती सरळ बघत होती.

"पायाले काय झालं वं?"

"लहानपणापासून असंच आहे."

"गाडीत चढता येत नाई?"

"नाही."

"मंग चढवाले कोनी नाई काय?"

शर्वरीनं माझ्याकडे पाहिलं नाही, तिनं सरांकडेही पाहिलं नाही. ती म्हणाली, "कोणी विचारलं नाही." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी पंचवीस वर्षं सहलप्रमुख होते आणि त्या क्षणी मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

साडेतीनला मी मावशीला ऑटोनं स्टँडवर घेऊन गेले. वाटेत ती दोन्ही बाजूंची दुकानं बघत होती आणि मी बोलायला शब्द शोधत होते. शेवटी म्हटलं, "मावशी, फोनवरची चिठ्ठी मिळाली होती ना?"

"मियाली. शेजारच्या सुनेनं वाचून दाखोली. ते तू नोती लिवली."

"का?"

"त्यात राग नोता," ती म्हणाली. "सहल बंद झाली अन् तुले राग नाई आला, असं होईन काय? पयल्या साली ड्रायव्हरले कशी बोलली होती तू, आठोते मले. तुयी चिठ्ठी असती त त्यात शिव्या असत्या कोनाले तरी."

मी पिशवी सोबत आणली होती. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ती पिशवी, यंदा गोरसपाक घालायलाही वेळ मिळाला नव्हता. स्टँडवर काहीतरी विकत घेऊन घालून देईन असा विचार केला होता. ती पुढं केली, तर मावशीनं हात मागं घेतला.

"रिकामी नाई नेत मी."

"आता घालून देते की. समोरच दुकान आहे."

"दुकानातलं घालून इथंच देशीन त तो काय वानोळा झाला? घरून आनाव लागते. चालत, गाडीनं, कसं भी, पन आनाव लागते." तिनं पिशवीची घडी करून माझ्या काखेत खोचली. "माई पिशवी हाय ते. आनून देजो."

आर्वीची गाडी लागली. तिचं दार माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्या पायरीकडे नीट पाहिलं. ती माझ्या गुडघ्याच्या वर येते. मावशीला पाय उचलता येईना. सकाळी कशी चढली असेल देव जाणे. मी मागून कंबर धरली, कंडक्टरनं वरून हात दिला, एका प्रवाशानं आपणहून तिचा पाय उचलून पायरीवर ठेवून दिला आणि मावशी वर गेली. वर गेल्यावर ती दारातच वळली. मागं माणसं खोळंबली होती, तिला त्याचं काही नव्हतं.

"पायलं न?" ती म्हणाली. "मी म्हतारी, तिघाईनं चढली. ते पोट्टी त काडीएवढी हाय. चौघं लावजो अन् चढवजो."

"हो, मावशी."

"येजो मंग."

आमच्याकडे निघालेला माणूसही मागं राहिलेल्याला असंच म्हणतो. ये. तू माझ्याकडे ये. मला तो शब्द लहानपणापासून पाठ आहे, पण त्या दिवशी तो हुकूम वाटला. गाडी गेली. मी स्टँडवरच्या बाकावर बसले आणि बराच वेळ काखेतली पिशवी काढलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. शैक्षणिक सहलीचा अहवाल. यंत्रानंच लिहिलेला, एकही चूक नसलेला. "विद्यार्थ्यांनी आष्टी येथे उत्साहात भेट दिली." खाली सहलप्रमुखाच्या सहीची जागा. मी सर्वांदेखत आवाज चढवला नाही, एवढंच सांगते. मी म्हटलं, "आष्टीनं आम्हाला भेट दिली, सर. आम्ही अजून गेलेलो नाही. गेलो की सही करते." सर म्हणाले, मॅडम, गाडी, परवानगी, पालक. मी म्हटलं, शाळेची गाडी नको, रोजची आर्वीची गाडी आहे. मी पालकांकडे स्वतः जाते. घरोघर. सर होही म्हणाले नाहीत, नाहीही. कागद त्यांनी परत घेतला नाही.

आतापर्यंत अकरा घरं झाली. चार ठिकाणी मला चहा न देता परत पाठवलं, तीन पालक म्हणाले बघू, चौघांनी चिठ्ठी दिली. शर्वरीच्या वडिलांकडे काल गेले होते. ते म्हणाले, गाडी उंच असते हो, मॅडम. माझंच वाक्य, इतक्या वर्षांनी फिरून माझ्याकडे आलं. मी म्हटलं, असते. मी मोजून आले. चार माणसं लागतील, त्यातलं एक तुम्ही. ते विचार करतो म्हणाले. आतल्या खोलीतून शर्वरीनं विचारलं, बाई, पिशवीत काय न्यायचं?

पिशवी आता स्टाफरूमच्या खिळ्याला टांगलेली आहे, अगदी सरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. रोज कुणीतरी विचारतं, ही कुणाची? मी सांगते. आज सकाळी वळणावरच्या बाईकडे गेले, त्या दिवशीच्या खेकसण्याबद्दल माफी मागितली आणि शेंग सोलून पाहिली. दाणा अजून कोवळा आहे. निबर व्हायला पंधरा दिवस आहेत.